ज्या हरकतीला भूखंड नाही

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अशा लांबलचक नावाच्या कायद्याच्या कलम २६ अन्वये जी जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या भागदाखल्यांच्या आणि वारस नोंदींच्या नोटिसांच्या शेजारी, बारीक टंकात छापून येते, ती सहसा कोणी वाचत नाही. आणि तरीही एखाद्या शहराच्या पुढील वीस वर्षांच्या आयुष्याविषयी त्या शहरात राहणाऱ्या माणसाला कायद्याने जे काही विचारले जाते, ते मुख्यतः त्या दोन परिच्छेदांतच विचारले जाते. प्रारूप विकास आराखडा तयार झाला आहे, त्याचे नकाशे अमुक कार्यालयात कचेरीच्या वेळात पाहावयास मिळतील, कोणाची हरकत वा सूचना असल्यास ती मुदतीच्या आत लेखी स्वरूपात दाखल करावी, मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही. एवढा मजकूर, खाली आयुक्तांचे पदनाम, बस्स.

मुंबईच्या २०१४ ते २०३४ या कालावधीच्या विकास आराखड्याची हकीगत या सूचनेच्या आगेमागे घडलेली आहे, आणि ती आपल्याकडील लोकविचारणेचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंचा इतका स्वच्छ नमुना आहे की, ती सावकाशीने सांगण्याजोगी वाटते. या हकीगतीतून मला जे दिसते ते आधीच सांगून टाकतो. आपल्या कायद्याने नागरिकाला हरकत घेण्याचा हक्क दिला आहे आणि तो हक्क पोकळ नाही. परंतु हरकत घेणारा म्हणजे कोणीतरी जमीनधारक, आणि त्याची हरकत म्हणजे त्याच्या भूखंडाविषयीची तक्रार, असे त्या सगळ्या यंत्रणेने मनोमन गृहीत धरलेले आहे. ज्याला भूखंड नाही, किंवा ज्याचे म्हणणे कोणत्याही एका भूखंडाविषयी नाही, त्याचा अर्ज आवक नोंदवहीत चढतो खरा, पण पुढे त्याला बसावयास जागा सापडत नाही.

पूर्वी तर एवढेही नव्हते. १८९६ च्या प्लेगाने मुंबईची दाणादाण उडाल्यावर १८९८ मध्ये जो सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते दाट वस्तीतून आरपार काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या, आणि हे करीत असता ज्यांच्या चाळी पाडल्या गेल्या त्यांना नुकसानभरपाईपलीकडे काही विचारावे असे कोणाला सुचले नाही. ट्रस्टचा कारभार १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. स्वातंत्र्याच्या आगेमागे पालिकेचे अभियंते ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या विस्ताराची जी रूपरेषा तयार केली, ती तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेली होती. कायदेशीर अर्थाने पहिला विकास आराखडा १९६४ चा. त्याला शासनाची मंजुरी मिळाली १९६७ साली. दुसरा १९८१ ते २००१ या वीस वर्षांसाठी होता, परंतु तो तुकड्या-तुकड्यांनी मंजूर होत गेला १९९१ ते १९९४ या काळात. म्हणजे ज्या भविष्याचा तो आराखडा होता त्यातले निम्मे भविष्य मंजुरीपूर्वीच उलटून गेले होते. त्यातील शाळा, दवाखाने, मैदाने यांच्या आरक्षणांपैकी मोठा भाग कागदावरून जमिनीवर कधी उतरलाच नाही, आणि या गोष्टीचा दोष नियोजनकारांना देण्यापेक्षा तिजोरीला आणि तिजोरीपेक्षाही इच्छेच्या अभावाला देणे अधिक न्याय्य ठरेल.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये आपले नगरप्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यावयास निघाला; प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजावर होते ते ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तेव्हा त्याने मित्रांकडून नवे नकाशे-चित्रे मिळवून दुसरे प्रदर्शन उभे केले. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याआधी होळकर दरबाराने त्याला इंदूरच्या नगररचनेसाठी पाचारण केले होते, आणि तेव्हा इंदुरात प्लेग होता. गेडिसने काय केले, तर म्हणतात की त्याने दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे मागून घेतली आणि दवंडी पिटवली की, यंदा मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या आळ्यांतील लोक आपली घरे व अंगणे अधिक स्वच्छ आणि दुरुस्त करतील त्या आळ्यांतून जाईल. परिणाम असा झाला की, कचऱ्याच्या गाड्यांवर गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत लक्ष्मीची पालखी होती, घाणीचा राक्षस होता, प्लेगाचा प्रचंड उंदीर होता, आणि पांढरे स्वच्छ कपडे घालून, गळ्यात हार घालून चालणारे शहराचे सफाई कामगार होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. यात थोडे नाटक होते आणि गेडिसला नाटकाची हौसही होती. पण त्याच्या इंदूर-अहवालाचे दोन खंड १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातल्या सूचना कागदावर उतरण्यापूर्वी त्याने गल्लीगल्ली पायांखाली घातलेली होती, आणि गल्लीतल्या माणसाला आराखडा दाखवण्यापूर्वी त्याच्याकडून काहीतरी करवून घेतले होते. आमच्या कायद्यात हा क्रम उलटा आहे.

तो क्रम असा. प्रथम नियोजन प्राधिकरण आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग कलम २५ अन्वये विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण होते, म्हणजे आज कोठे घर आहे, कोठे कारखाना, कोठे तलाव, याची नकाशावर नोंद होते. त्यावरून प्रारूप आराखडा बनतो. त्यात निवासी भाग पिवळा, औद्योगिक जांभळा, उद्याने-मैदाने हिरवी, असे रंग भरले जातात. हे सगळे पुरे झाल्यावर कलम २६ ची जाहीर सूचना निघते. आलेल्या हरकती ऐकण्यासाठी जी नियोजन समिती नेमली जाते तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनातर्फे नियुक्त झालेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीच्या अहवालानंतर आराखडा महापालिकेच्या सभागृहात जातो, तेथून शासनाकडे, आणि शासन तो मंजूर करते, फेटाळते किंवा फेरबदल करून मंजूर करते.

मुंबईच्या तिसऱ्या आराखड्याचे सर्वेक्षण एका परदेशी सल्लागार कंपनीच्या भारतीय शाखेकडे सोपवले होते. त्याचे वॉर्डनिहाय नकाशे पालिकेने प्रारूपापूर्वीच पाहणीस खुले केले, ही गोष्ट कायद्याने बंधनकारक नव्हती आणि म्हणूनच उल्लेखनीय. नकाशे पाहताच लोकांना चुका सापडू लागल्या: शाळेच्या जागी दुकाने, उद्यानाच्या जागी निवासी इमारत, नावेच नसलेले रस्ते. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने या चुकांची पद्धतशीर छाननी केली. ‘युवा’सारख्या संस्था आणि वस्त्यांमधले कार्यकर्ते ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ या नावाने एकत्र आले आणि त्यांनी झोपडवस्त्यांत, मंडयांत, फेरीवाल्यांच्या बैठकांत नकाशे पसरून ते वाचावयास शिकवले. मुंबईत जन्म घालवलेल्या माणसालाही आपली गल्ली नकाशावर बोटाने दाखवता येत नाही. उत्तर दिशा कोणती हेच प्रथम ठरवावे लागते, मग रेल्वेची रेघ सापडते, मग नाला, आणि नाला सापडला की एखादी बाई चटकन सांगते की, येथे बालवाडी आहे, ती यात नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले खरे लोकविचारणेचे काम येथे झाले, जेथे हरकतीचा नमुना नव्हता आणि मुदतही नव्हती. पालिकेनेही प्रारूपाच्या आधी विषयवार आणि वॉर्डवार चर्चासत्रे घेतली. त्यांत स्त्रियांचे प्रश्न, असंघटित व्यवसाय, वाहतूक, घरे यांवर बोलणे झाले. आराखडा मराठीत मिळावा ही मागणी मात्र पुनःपुन्हा करावी लागली. मुंबई महापालिकेकडे मराठीत कागद मागण्यासाठी निवेदने द्यावी लागणे यावर भाष्य करण्याची आवश्यकता नसावी.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले आणि गदारोळ उसळला. रेल्वे स्थानकांच्या परिसरात आठपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम, प्रस्तावित केला होता. आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्याकडे विकासकेंद्र म्हणून पाहिले होते. मोकळ्या जागेचे दरडोई प्रमाण अवघ्या दोन चौरस मीटरांवर ठेवले होते. आणि काही प्रस्तावित रस्ते जुन्या वास्तूंवरून व उभ्या इमारतींवरून गेलेले होते. वास्तुरचनाकार, कोळी, चाळकरी, पर्यावरणवादी, ख्रिस्ती गावठाणांतील रहिवासी आणि सगळे राजकीय पक्ष हे एरवी एका व्यासपीठावर न येणारे लोक एकाच आराखड्याच्या विरोधात गेले. हरकतींचा खच पडला. मुदत संपण्याच्या बेतात असताना, एप्रिल २०१५ मध्ये, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून चुका दुरुस्त करण्याचा आदेश दिला. त्याच सुमारास पालिकेच्या आयुक्तपदी अजोय मेहता आले आणि दुरुस्तीचे काम निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे सोपवण्यात आले. लोकांच्या विरोधामुळे एवढ्या मोठ्या शहराचा आराखडा मागे घेतला जाणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तो मागे घेणारा हात सुनावणीचा नव्हता, मंत्रालयाचा होता. एकही हरकत ऐकली जाण्यापूर्वी निकाल लागला होता. जे सुनावणीविना दिले जाते ते सुनावणीविना परतही घेतले जाऊ शकते, हे त्या आनंदाच्या भरात फार थोड्यांच्या ध्यानात आले.

सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि जुलैअखेरीपर्यंत हरकती मागवण्यात आल्या. नियोजन समितीपुढे ज्या सुनावण्या झाल्या त्यांचे स्वरूप ज्याने एकदा पाहिले असेल त्याला कायद्याच्या त्या मूळ गृहीतकाची ओळख पटल्यावाचून राहत नाही. हरकतदार हातात फाइल घेऊन येतो. फाइलीत नगर भूमापन क्रमांक, प्रॉपर्टी कार्डाची प्रत, जुन्या आराखड्याच्या नकाशाचा उतारा आणि त्यावर लाल शाईने वर्तुळ केलेला आपला तुकडा. त्याचे म्हणणे साधे असते: माझ्या जागेवरचे आरक्षण उठवावे, किंवा रस्त्याची रेषा दहा फूट पलीकडे सरकवावी, किंवा ज्या जागेवर बगिचा दाखवला आहे तेथे इमारत उभी आहे आणि तिला भोगवटा प्रमाणपत्रही मिळालेले आहे. अशा हरकतीला उत्तर देणे शक्य असते आणि दिलेही जाते. नकाशा पाहिला, जागेची शहानिशा झाली, शेरा मारला, मान्य वा अमान्य. यात कित्येकांना रास्त न्याय मिळाला, आणि यातूनच शहराच्या अनेक सुविधांच्या जागा थोड्याथोड्या करून आकसत जातात हेही खरे, कारण प्रत्येक मालक स्वतःच्या भूखंडाच्या वतीने बोलावयास येतो आणि मैदानाच्या वतीने बोलणाऱ्याजवळ प्रॉपर्टी कार्ड नसते.

आता दुसऱ्या प्रकारची हरकत घ्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक होती आणि तीपैकी सुमारे ४२ टक्के लोक झोपडवस्त्यांत राहत होते. नकाशावर या वस्त्यांचे काय होते, तर बहुशः एक सीमारेषा आखून आतला भाग ‘झोपडपट्टी’ म्हणून मोकळा सोडला जातो. आतले रस्ते, बालवाड्या, दवाखाने, दुकाने, लघुउद्योग यांची नोंद करण्याचे कारण नाही, कारण पुढेमागे तेथे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना यावयाची आहे. वस्तीतल्या माणसाने लिहिले की, आमच्याही मुलांसाठी मैदानाचे आरक्षण आमच्याच हद्दीत दाखवा, तर त्या अर्जातील भूमापन क्रमांकाची ओळ रिकामी राहते. अर्ज फेटाळला जातो असे नव्हे, ‘धोरणात्मक बाब’ म्हणून तो बाजूला ठेवला जातो. फेटाळलेल्या अर्जाविरुद्ध निदान भांडता तरी येते.

कोळीवाड्यांची गोष्ट याहून चमत्कारिक. हे लोक मुंबईचे आद्य रहिवासी, त्यांच्या गावठाणांना सरकारदरबारी जुनी मान्यता, आणि तरीही कोळीवाड्यांच्या सीमा आराखड्यात नीट दाखवाव्यात ही त्यांची मागणी वर्षानुवर्षे चालली. त्यांचा मुद्दा घरांपेक्षा घरांभोवतालच्या जागेचा होता. वर्सोव्याला किंवा मढला जी जागा बाहेरच्याला निव्वळ मोकळी दिसते तेथे हंगामात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात, खळ्यात सुकट पसरलेली असते, होड्या ओढून घेतलेल्या असतात आणि जाळी विणणारे बसलेले असतात. ती जागा कोणा एकाच्या नावावर नाही, सगळ्यांच्या वहिवाटीची आहे. आणि वहिवाट ही गोष्ट रंगाने दाखवता येत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत सर्वेक्षक आला तर त्याला खरोखरच रिकामे मैदान दिसेल. सीमांकनाची मागणी शासनाने तत्त्वतः मानली, महसूल खात्याकडे काम गेले, आणि त्यानंतर ते ज्या संथ गतीने चालले तिची कल्पना ज्याने भूमापन कार्यालयाची पायरी झिजवली आहे त्याला सांगावयास नको.

परंतु सगळेच असे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्त्रियांच्या संघटनांनी प्रारूपापूर्वीच्या चर्चासत्रांपासून एक गोष्ट सातत्याने लावून धरली होती: शहराच्या आराखड्यात शाळेसाठी आरक्षण असते, स्मशानासाठी असते, मग नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहासाठी, पाळणाघरासाठी, निराधारांच्या निवाऱ्यासाठी का नसावे? सुधारित आराखड्यात ‘आधार केंद्र’, स्त्रियांसाठी कौशल्य केंद्रे, बेघरांची निवारागृहे, नोकरदार स्त्रियांची वसतिगृहे असे आरक्षणांचे नवे प्रकार आले. मुंबईच्या नगररचनेच्या इतिहासात ही नवलाईची गोष्ट होती. ते का साधले याचा विचार केला तर दिसते की, ही मागणी करणाऱ्यांनी कोणत्याही भूखंडाविषयी भांडण मांडले नाही. नकाशात रंग भरण्याच्या आधीच, त्या रंगांच्या यादीतच एक नवा रंग घालून घेतला. हरकतीच्या टप्प्यावर हेच सांगितले असते तर तेही ‘धोरणात्मक बाब’ ठरून दप्तरी बंद झाले असते.

पुण्यातही असाच अनुभव. जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. पुढे २०१५ मध्ये शासनाने तो महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला, आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. हरकतींच्या त्या ढिगाऱ्यातून काय निष्पन्न झाले हे कोणी नेमके सांगू शकणार नाही. उलट समाविष्ट तेवीस गावांतील टेकड्यांवरचे सुमारे ९७८ हेक्टरांचे जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण, ज्याच्यासाठी तेथील नागरिकांनी वर्षानुवर्षे मोर्चे, सह्या, दिल्ली-मुंबईच्या खेपा असा खटाटोप केला, ते २०१५ मध्ये टिकले. टेकडीच्या वतीनेही प्रॉपर्टी कार्ड नव्हतेच. पण टेकडी दररोज पहाटे चढणारी काही हजार माणसे होती. मुंबईच्या मिठागरांना, ज्यांच्या काही भागावर पुढे घरांना वाट मिळाली, तशी माणसे नाहीत.

मुंबईच्या आराखड्याला महापालिका सभागृहाने जुलै २०१७ अखेर मान्यता दिली आणि मे २०१८ मध्ये शासनाने मंजुरी दिली. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून तो अमलात आला. मंजूर झालेल्या आराखड्यात ना-विकास क्षेत्राच्या आणि मिठागरांच्या काही भागावर परवडणाऱ्या घरांचा मार्ग मोकळा केला होता, दहा लाख घरांचे आश्वासन होते, व्यापारी बांधकामासाठी चटई क्षेत्र निर्देशांक पाचपर्यंत नेला होता. यांतील महत्त्वाचे फेरबदल लोकांच्या सुनावण्या संपल्यानंतर, शासनाच्या टप्प्यावर झालेले. ज्या भागांत बदल फारच मोठे होते ते मंजुरीतून ‘वगळलेला भाग’ म्हणून बाजूला काढून त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या गेल्या, म्हणजे कायद्याचा मान राखला गेला. मात्र तोपर्यंत २०१३ पासून नकाशे वाचत आलेली माणसे थकली होती, आणि त्या हरकती नोंदवणारांत पुन्हा वकील व वास्तुरचनाकार यांचीच संख्या भरली. त्यानंतरचे छोटे-मोठे बदल कलम ३७ खाली एकेका आरक्षणापुरते होत राहतात. त्यांचीही जाहीर सूचना निघते, तीही आतल्या पानावर, आणि मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे ती प्रशासकाच्याच अधिकारात निघत राहिली. मतदारसंघातील नगरसेवकाला गाठून ‘आमच्या गल्लीतले मैदान चालले’ म्हणून सांगण्याची जी एक अनौपचारिक सुनावणी मुंबईकराला नेहमी मिळत असे, ती त्या काळात बंद होती. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीला तीस वर्षे उलटून गेली आणि महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद २००९ मध्ये झाली, पण आपल्या वस्तीची क्षेत्रसभा भरलेली पाहिलेला शहरवासी मला अद्याप भेटावयाचा आहे. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा तरी आहे, मग ती कशीही भरो.

कायद्याप्रमाणे आराखड्याचे पुनर्विलोकन वीस वर्षांत एकदा व्हावयास हवे. मागील अनुभव पाहता पुढील आराखड्याच्या सर्वेक्षणाला २०३४ च्या पुष्कळ आधी हात घालावा लागेल, म्हणजे तो दिवस वाटतो तितका लांब नाही. तेव्हा हरकतींची मुदत साठ दिवसांची ठेवावी की नव्वद, यावर सभा-परिषदा होतील आणि त्या होऊ देण्यास हरकत नाही. खरा प्रश्न कलम २५ चा आहे. गतवेळी विद्यमान जमीन वापराचे नकाशे वॉर्डावॉर्डांत लोकांपुढे ठेवले गेले, त्यावर चुका मागवल्या गेल्या आणि काही दुरुस्तही झाल्या. पण तसे करण्यास कायद्याने कोणालाही बांधलेले नव्हते आणि आजही बांधलेले नाही. पुढच्या वेळी ते नकाशे रंग भरण्यापूर्वी बालवाडीतल्या बाईला दाखवले जातील की नाही, हे आज तरी त्या वेळी जे कोणी आयुक्त असतील त्यांच्या मर्जीवर आहे.